डोकं सोडून

"माझ्या हद्दीत अपघात होत नाही. होऊच शकत नाही!"

हे वाक्य राजेंद्र दांडगे इतक्या वेळा बोलले होते की चितेगावच्या त्यांच्या कंपनीतली पोरं ते हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. आडनाव दांडगे, पण अंगानं माणूस दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा! हुद्दा मात्र सेफ्टी ऑफिसरचा. प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या त्या कंपनीच्या गेटवर 'अपघाताविना दिवस' असा एक भलामोठा फळा होता. त्यावरचा आकडा दांडगेसाहेब रोज सकाळी स्वतःच्या हातानं वाढवायचे, देवाला फूल वाहावं तसं, दोन पावलं मागं सरून, क्षणभर बघत उभं राहून.

घरीही तीच शिस्त. गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलांच्या कोपऱ्यांना फोम गुंडाळलेला. गॅसच्या नळीवर बदलल्याची तारीख लिहिलेली. बाथरूमबाहेर 'जमीन ओली आहे' अशी पिवळी पाटी कायम उभी.

"अहो, पाहुणे आल्यावर तरी ती पाटी उचलत जा," त्यांची बायको कांचन म्हणायची. "माझे अण्णा काल बिचारे जमीन वाळायची वाट बघत उभेच राहिले!"

"उभे राहिले, पण पडले का?" दांडगे विचारायचे.

अशा माणसाच्या घरात संस्कृती वाढली. नाव ठेवताना दांडग्यांच्या डोळ्यांपुढं शुभंकरोती म्हणणारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली मुलगी होती. अकरावीत गेल्यावर त्या मुलीनं जाहीर केलं, "पप्पा, मला किकबॉक्सिंग शिकायचंय." म्हणजे नाव संस्कृती, आणि काम लाथा मारायचं!

दांडगे आधी छावणी भागात जाऊन तो क्लास तपासून आले. पत्र्याचा लांबलचक हॉल, निम्म्या भागात मॅट, लोखंडी खांबांना टांगलेल्या पंचिंग बॅगा. शिकवायला आमरीन मॅडम. तिशीच्या, बुटक्या, आणि इतकं हळू बोलणाऱ्या की ऐकायला माणसाला वाकावं लागायचं.

"इथं डोक्यात मारतात का?" दांडग्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"प्रॅक्टिसमध्ये नाही, सर. डोकं सोडून. पोट, मांडी, खांदा, सगळं चालतं. डोक्याला फार तर हळू टच, ते पण माझ्यासमोर." मॅडम हसल्या. "आता डोकं काय, एकीच मिलता है ना!"

दांडग्यांना बाई पटल्या. आग विझवायच्या सिलिंडरची मुदतही संपलेली नव्हती. परवानगी मिळाली, आणि संस्कृतीचं आयुष्यच बदललं. एरवी मान खाली घालून चालणारी पोरगी समोर बघून चालायला लागली. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर आता ती त्याच्याशी वाद घालायची, तोही हसत.

मग एका संध्याकाळी जेवताना तिनं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साधेपणानं सांगितलं, "पप्पा, आज माझ्या डोक्याला लागलं. क्लासमधल्या शिवमचा पाय चुकून वर आला. मॅडमनी लगेच बसवलं, आईला फोन केला. आम्ही डॉक्टरकडं जाऊन आलो. काही नाहीये, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅडम खेळू देणार नाहीत."

दांडग्यांच्या हातातला घास ताटात पडला.

"डॉक्टर हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे, तुझा क्लास बंद! उद्यापासून, कायमचा!"

"पण मी तर सगळं खरं सांगितलं!"

"म्हणूनच तर कळलं मला!"

संस्कृती ताट उचलून आत गेली. त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. एकाच टेबलावर बसून ती म्हणायची, "आई, पप्पांना सांग, त्यांचा फोन वाजतोय." डॉक्टरांनी तिला खेळायला मोकळं केलं, तरी ती चूप. कॉलेजातून यायची, खोलीत जायची. मान पुन्हा खाली गेली. दांडग्यांना ते दिसत होतं. रात्री ते कुशी बदलत पडायचे. मुलीचं डोकं वाचवलं होतं त्यांनी. मग काहीतरी मोडल्यासारखं का वाटत होतं?

शेवटी कांचननंच तोडगा काढायला लावला. "निरोप पोचवून पोचवून माझी जीभ झिजली. काहीतरी करा बुवा!"

दांडग्यांनी केलं. "ती क्लासला जाईल. पण आधी मी तिथं येऊन सेफ्टीचं ट्रेनिंग देणार! त्या बाईंच्या पद्धतीत सुधारणा करणार!"

आमरीन मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "आओ ना सर. पोरं खूश होतील."

रविवारी सकाळी दांडगे छावणीत पोचले ते रिक्षाभर सामान घेऊन. तक्ते, शिट्टी, आणि कंपनीतून मागून आणलेली पिवळी हेल्मेटं! मशिनखाली काम करणारे घालतात ती. संस्कृती दारातच थबकली.

"पप्पा, हे घालून लाथ कशी मारायची?"

इतक्या दिवसांनी थेट बोलली म्हणून दांडगे सुखावले. "मारायची, पण सुरक्षित!"

पोरांनी हेल्मेटं घातली. कुणाचं नाकापर्यंत आलं, कुणाचं टाळूवर टोपलीसारखं बसलं. शिवमनं पाय उचलला तसं त्याचं हेल्मेट डोळ्यांवर घसरलं, आणि लाथ समोरच्या पोराऐवजी दांडग्यांच्या तक्त्याला बसली. तक्त्यावर लिहिलं होतं, 'सावधान!' एका पोरीनं मान झटकली, तर हेल्मेट उडून शेजारणीच्या पायावर पडलं. हॉलभर टकाटक आवाज, जणू लग्नाच्या पंगतीत भांडी कोसळली! दांडगे शिट्टी फुंकत राहिले. शेवटी मॅडमनी हात वर केला आणि सगळ्यांना हेल्मेटं काढून कडेला ठेवायला सांगितली.

"सर, बुरा मत मानो," त्या म्हणाल्या. "आमच्या खेळाचं हेडगार्ड वेगळं असतं, ते आम्ही वापरतो. पण त्याच्यावर पण मी विसंबत नाही. टिफिन कितीही मजबूत घ्या, आतली भाजी तर सांडतेच ना? मेंदूचं तसंच आहे. म्हणून मुळात डोक्यावर मारच कमी. मानेचा व्यायाम रोज. पडायचं कसं ते आधी शिकायचं. आणि लागलं तर लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला इथं कोणी रागवत नाही, हसत नाही. बाकी सगळं याच्यावर उभं आहे."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी दांडग्यांकडं बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. संस्कृतीनं मात्र बघितलं.

दांडग्यांना ते लागलं. आणि लागलं की माणूस जास्त बोलतो. "पडायचं कसं हे ठीक आहे, मॅडम, पण मुळात पडायचंच कशाला? मुलांनो, इकडं बघा! समोरून हल्ला आला की शांतपणे मागं सरकायचं. असं. नजर पुढं, पाऊल मागं. पुन्हा पाऊल मागं..."

"सर, मागं..." मॅडम म्हणाल्या.

"बरोबर, मागं!"

मागं ती पिवळी हेल्मेटं होती. दांडग्यांची टाच एका हेल्मेटवर पडली, ते गरकन फिरलं, दुसरा पाय दुसऱ्यात अडकला, आणि सेफ्टी ऑफिसर राजेंद्र दांडगे हवेत दोन्ही हात पसरून, पक्षी उडायला शिकतो तसे, मॅटच्या बाहेर जाऊन पडले. बॅगेच्या लोखंडी खांबावर डोकं आपटल्याचा आवाज साऱ्या हॉलनं ऐकला.

कुणीच हसलं नाही. त्यानंच दांडगे जास्त घाबरले.

"काही नाही झालं!" ते बसल्याबसल्या ओरडले. "हे प्रात्यक्षिक होतं!"

मॅडम जवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या. "सर, आज वार कोणता?"

"सोमवार."

"रविवार है, सर."

"माहितीय मला! मी तुमची परीक्षा घेत होतो!"

मॅडमनी त्यांना उठू दिलं नाही. हळू आवाजातच, पण एकेक शब्द ठेवून ठेवून सांगितलं: आज गाडी चालवायची नाही, एकट्यानं राहायचं नाही, आत्ताच डॉक्टरला दाखवायचं. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणं अडखळलं, तर थेट मोठा दवाखाना. दांडग्यांनी मान हलवली, आणि मान हलवल्याबरोबर हॉलही हलला.

परतीच्या रिक्षात संस्कृती त्यांचा हात घट्ट धरून बसली होती.

"आधी डॉक्टरकडं," ती म्हणाली.

"उद्या. उद्या आमच्या सुरक्षा सप्ताहाचा समारोप आहे, पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. तो झाला की लगेच. आणि हे बघ, आईला..."

"लपवू?"

"लपवू नको गं! फक्त... सांगू नको."

संस्कृतीनं हात सोडला. "मी फक्त उद्या संध्याकाळपर्यंत थांबेन," ती म्हणाली. "आणि डोकं दुखलं तर मला सांगायचं. मला तरी."

दुखत होतं. रात्रभर आत कुणीतरी बोअर पाडत असल्यासारखं दुखत होतं. कांचनला कळू नये म्हणून दांडगे बाहेरच्या खोलीत झोपले होते; संस्कृती दोनदा उठून विचारून गेली, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठणठणीत!" सकाळी ती उठायच्या आत ते कंपनीच्या बसनं निघालेही होते. गाडी चालवायची नाही, हा नियम त्यांनी पाळला होता. बाकीच्या नियमांचं नंतर बघू!

कंपनीच्या आवारात मांडव होता, स्पीकर होते, आणि मार्चचं ऊन होतं. ते ऊन दांडग्यांना डोळ्यांत टाचण्या टोचल्यासारखं लागत होतं. फळ्यावर आकडा लिहिताना त्यांना दोन फळे दिसले. त्यातल्या जवळच्यावर त्यांनी लिहून टाकलं. मग भाषणं झाली. मग सूत्रसंचालक गरजले, "आता दांडगेसाहेब आपल्याला सुरक्षेची शपथ देतील!"

सगळी कंपनी उभी राहिली. उजवे हात पुढं झाले. पुण्याच्या साहेबांनीही हात पुढं केला.

"मी अशी शपथ घेतो की..." दांडगे माइकवर म्हणाले.

"मी अशी शपथ घेतो की!" मांडव दणाणला. प्रत्येक शब्द दांडग्यांच्या डोक्यात घणासारखा पडला.

"सुरक्षेचे सर्व नियम पाळीन..."

"सुरक्षेचे सर्व नियम पाळीन!"

"आणि लहान असो वा मोठा, कोणताही अपघात..." पुढचा शब्द कागदावर होता. तो त्यांनीच लिहिला होता. 'लपवणार नाही.' पण अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली, आणि जीभ जागची हलेना.

"थांबा," ते पुटपुटले.

"थांबा!" मांडव गरजला.

"अहो नाही, हे शपथेत नाही!"

"अहो नाही, हे शपथेत नाही!"

"अरे, मला गरगरायला लागलंय!"

"अरे, मला गरगरायला लागलंय!" यात पुण्याच्या साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. या प्लँटची शपथ जरा वेगळी असेल, असा त्यांचा समज झाला असावा.

दांडग्यांनी टेबल धरलं. समोर शेकडो हात त्यांच्याकडं पसरलेले, आणि सगळे त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते. खोटं बोलायलासुद्धा डोक्यात थोडी जागा लागते. ती उरली नव्हती.

"काल मी पडलो," ते म्हणाले. "डोक्यावर. लागलं. कुणाला सांगितलं नाही."

"काल मी पडलो!" आवाज आला, पण आता अर्धाच. "डोक्यावर... लागलं..." मागच्या रांगा थांबल्या, पुढच्या रांगा एकमेकांकडं बघायला लागल्या. "कुणाला सांगितलं नाही" हे वाक्य तर मोजक्याच लोकांनी म्हटलं, आणि तेही हळू, जणू ते स्वतःशीच बोलत होते.

मग दांडगे वाकले आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या पुष्पगुच्छात ओकले. सुदैवानं तेवढं कुणी पाठोपाठ केलं नाही!

कंपनीच्या गाडीत त्यांच्याबरोबर कडूबा बसला. पाचोडकडचा हा मशिन ऑपरेटर पुढच्याच रांगेत होता आणि त्यानंच त्यांना पडता पडता धरलं होतं. "हलू नका साहेब. मान सरळ ठिवा. तुमीच शिकिवलंय," तो म्हणत होता. पैठण रोडचे खड्डे चुकवत गाडी शहराकडं निघाली. काही वेळानं कडूबा खाली बघत म्हणाला, "साहेब, ती शेवटची शपथ मी खरी घेतली बरं का."

"कुठली?"

"कुणाला सांगितलं नाय, ती. दिवाळीच्या आधी वरून क्रेट पडला व्हता माझ्या डोक्यात. हेल्मेट व्हतं, तरी लई दिवस कानात शिट्टी वाजायची."

दांडग्यांनी डोळे उघडले. "मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगावं? तुमी रोज सकाळी आकडा ल्ह्यायला लई खुशीत येता. म्हटलं, आपल्यापायी साहेबाला तो पुसाया लागंल." कडूबानं ओशाळून मान खाजवली. "मी एकलाच नाय तसा."

दांडगे गाडीच्या छताकडं बघत राहिले. माझ्या हद्दीत अपघात होत नाही! होत होते. रोज होत असतील. फक्त ते त्यांच्या पुढ्यात येत नव्हते, कारण त्यांच्या पुढ्यात आलेल्या बातमीचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला. आत रक्तस्राव नव्हता. "मेंदूला हादरा बसलाय," डॉक्टर म्हणाले. "कालच यायला हवं होतं. वाचलात म्हणून बोलतोय. आता आराम. फोन नाही, टीव्ही नाही, ऊन नाही."

कांचन आली ती आधी रडली, मग तिनं अशी खरडपट्टी काढली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उगाचच "सॉरी" म्हणाला. ती औषधं आणायला गेली, आणि संस्कृती खाटेच्या कडेला येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"रात्री मी आईला उठवायला गेले होते," ती म्हणाली. "दारापर्यंत. मग परत आले. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"तुझी काही चूक नाही. मीच तुला तसं करायला लावलं."

"का पण, पप्पा? तुम्हाला तर सगळे नियम पाठ आहेत."

दांडग्यांनी विचार केला. खोल विचार करायची त्यांना तेव्हा मनाई होती, पण इलाज नव्हता. "मला वाटलं, सांगितलं तर मला कार्यक्रमाला जाऊ देणार नाहीत."

आपल्याच तोंडचं वाक्य दांडग्यांना पुन्हा ऐकू आलं, आणि या खेपेला ते एका अकरावीतल्या मुलीच्या आवाजात होतं. फरक एवढाच, की त्या मुलीनं तरीही सांगितलं होतं.

"क्लासला जात जा," ते म्हणाले. "आणि लागलं तर सांग. मी ओरडणार नाही."

"नक्की?"

"ओरडलं की डोकं दुखतं माझं."

ती हसली. त्या हसण्यानंही त्यांचं डोकं दुखलं, पण ते त्यांनी चालवून घेतलं.

कामावर रुजू झाल्यावर दांडग्यांनी आधी फळा पुसला, स्वतःच्या पडण्यापायी. मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "कुणालाही काही लागलं, काही पडता पडता राहिलं, तर मला येऊन सांगा. रागावणार नाही. आकडा गेला उडत!" पहिले काही दिवस कुणी आलं नाही. मग कडूबा आला. मग रांग लागली. त्या महिन्याचा अहवाल पुण्याला गेला तसा मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांनी काळजीनं विचारलं, "दांडगे, तुमच्या डोक्याला मार लागल्यापासून प्लँटमध्ये एवढे अपघात कसे वाढले हो?" समजावून सांगायला दांडग्यांना बराच वेळ लागला. साहेबांना कितपत कळलं कुणास ठाऊक, पण ज्या रॅकवरून क्रेट पडायचे, त्याला जाळी बसली.

घरीही नवा नियम लागू झाला. संस्कृती आता क्लासहून आली की बापासमोर उभी राहून सगळं सांगायची. आज मांडीला लागलं. आज नख तुटलं. आज मान अवघडली, मॅडमनी उद्या सुट्टी दिली. दांडगे खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकायचे, गिळायचं ते गिळायचे आणि म्हणायचे, "बरं झालं सांगितलंस." कांचन स्वयंपाकघरातून कौतुकानं बघायची. पोरीची मान पुन्हा ताठ झाली होती.

मग एका संध्याकाळी संस्कृती अशीच येऊन उभी राहिली.

"पप्पा, एक सांगायचंय."

"सांग की! कुठं लागलं?"

"लागलं नाही. मी फिजिक्समध्ये नापास झाले. केमिस्ट्रीतही. तुम्हाला दुसरीकडून कळायच्या आत म्हटलं आपणच सांगावं."

दांडग्यांचं तोंड उघडलं. उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मानेची शीर टरारून वर आली, चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. संस्कृती शांतपणे वाट बघत होती.

"ब... बरं झालं सांगितलंस," ते अखेर म्हणाले.

मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि कांचनच्या कानाशी जाऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, तो नियम फक्त डोक्याच्या माराबद्दल होता की नाही?"